निरोपाची रीत

गृहकर्जाचा व्यवहार संगणकावर उरकून देणारी 'बेटर डॉट कॉम' ही न्यूयॉर्कची कंपनी. १ डिसेंबर २०२१ रोजी तिचे प्रमुख विशाल गर्ग यांनी सुमारे ९०० कर्मचाऱ्यांना 'झूम'च्या पडद्यावर बोलावले आणि अवघ्या तीन मिनिटांत त्यांची नोकरी संपल्याचे सांगितले. नाताळ तोंडावर आला होता. पुढे गर्ग यांनी रीत चुकल्याबद्दल क्षमा मागितली. परंतु मार्च २०२२ मध्ये सुमारे ३,००० जणांची कपात झाली, तेव्हा काहींना निरोप येण्यापूर्वीच वेतनाच्या नोंदीत भरपाईची रक्कम दिसली!

व्याजदर चढले की कर्जे घटतात, आणि कर्जे घटली की माणसे कमी होतात, हे आम्हांसही कळते. प्रश्न कपातीचा नाही, रीतीचा आहे. याच प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना 'मठ्ठ डॉल्फिन' म्हटल्याचे पत्र पूर्वी उजेडात आले होते. ज्यांच्या बोलण्यात आदर नाही, त्यांच्या निरोपात तो कोठून येणार?

मध्यंतरी आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील भेटले. मुलाने अशाच एका कंपनीतील भरपगारी नोकरी सोडली, म्हणून संतापले होते. "का सोडली, हे त्याला विचारलेत का?" आम्ही म्हणालो. ते गप्प झाले.

मुलगा नोकरीस लागला की "पगार किती?" असे आपण सारेच विचारतो. "तेथे तुझ्याशी बोलतात कसे, बाळ?" हेही एकदा विचारावे. उत्तर ऐकून घेण्याची तयारी मात्र हवी.