धुरक्याच्या मोसमात मैदान कशाला? विद्यापीठ क्रीडा वेळापत्रकाच्या फेररचनेची गरज

नवी दिल्ली : राजधानी क्षेत्रातील दूषित हवेचा प्रश्न आता क्रीडा वेळापत्रकापर्यंत येऊन ठेपला आहे. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने नोव्हेंबर-डिसेंबरमधील शालेय मैदानी स्पर्धा सुरक्षित महिन्यांत घेण्याबाबत विचार करावा, अशी सूचना वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला केली. त्यानंतर आयोगाने संबंधित राज्यांना या काळातील स्पर्धा लांबणीवर टाकण्यास सांगितले. हे पाऊल योग्यच होते; परंतु ऐनवेळची स्थगिती म्हणजे सुधारणा नव्हे.

प्रश्न नवा नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये धुरक्यामुळे दिल्लीतील दोन रणजी सामने रद्द झाले. डिसेंबर २०१७ च्या कोटला कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू मुखपट्टी लावून उतरले. २०२५ मध्ये दिल्लीची नियोजित नोव्हेंबरमधील कसोटी कोलकात्याला गेली आणि दिल्लीला ऑक्टोबरमधील सामना मिळाला. श्रीमंत क्रिकेट मंडळाला अशी अदलाबदल सहज जमते. विद्यापीठांचे तसे नाही.

दिल्लीत मुख्यालय असलेल्या भारतीय विद्यापीठ संघाच्या फुटबॉल स्पर्धा आधी चार विभागांत आणि नंतर अखिल भारतीय पातळीवर होतात. एका विभागाची स्पर्धा लांबली की पुढची पायरीही अडते. अनेक विद्यापीठांच्या सत्र परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच असतात आणि मे-जूनमध्ये उत्तर भारतातील उन्हाळा खेळू देत नाही.

यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे विभागनिहाय वेळापत्रक. उत्तर विभागाच्या स्पर्धा पावसाळा सरताच सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुरुवातीस किंवा फेब्रुवारीत आणि अखिल भारतीय फेरी मार्चमध्ये घेता येईल. केवळ यजमानपद दुसऱ्या शहराला देऊन भागणार नाही, कारण दिल्लीच्या संघांना सराव दिल्लीच्याच हवेत करावा लागेल. त्यासाठी परीक्षा विभाग आणि क्रीडा विभाग यांनी शैक्षणिक वर्षारंभीच एकत्र बसून तारखा ठरवायला हव्यात.

आंतरविद्यापीठ स्पर्धेतील प्रमाणपत्राला क्रीडा कोट्यातील प्रवेश आणि नोकरभरतीत मोल असते. विद्यापीठीय खेळाडूला वयाची मर्यादाही असते. रद्द झालेला सामना पुन्हा भरवता येतो. खेळाडूचे हुकलेले वर्ष परत देता येत नाही. म्हणूनच दर हिवाळ्यात न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याऐवजी वेळापत्रकच बदलणे शहाणपणाचे ठरेल.