मोटर रात्री आपोआप का चालली?

मागच्या पावसाळ्यात माहेरी पाण्याची मोटर जळली आणि त्याचा आळ मी बाबांवर घेतला. या वेळी तेच लिहितेय.

बडोद्यातल्या बऱ्याच घरांसारखा आमच्याकडेही खाली हौद आणि गच्चीवर टाकी आहे. बाबांना सारखं वर-खाली करायला नको म्हणून एप्रिलमध्ये मी एक बोर्ड जोडून दिला. हौदात आणि टाकीत स्टीलच्या सळ्या, त्यांच्या तारा आर्डुइनोला आणि रिले मोटरच्या स्टार्टरला. टाकी रिकामी असेल आणि हौदात पाणी असेल, तरच मोटर चालू. दोन महिने सगळं झकास चाललं. आल्यागेल्याला बाबा तो डबा दाखवायचे.

जुलैत एका रात्री हौद कोरडा असताना मोटर सुरू झाली आणि तशीच चालत राहिली. पहाटे जळका वास आला. मी आधी कोड तपासला, कारण सॉफ्टवेअरवाल्यांना दोष तिथेच शोधायची सवय. कोड बरोबर निघाला. मग उरलं ते भिंतीवरचं जुनं बटण, ज्याने मोटर थेट चालू करता येते. मी म्हटलं, "बाबा, रात्री तुम्हीच दाबलं असेल आणि विसरला असाल."

बाबा ७१ वर्षांचे आहेत. "असेल बाई," एवढंच म्हणाले. एरवी वाद घातल्याशिवाय माघार न घेणारा माणूस गप्प बसला, हे तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये मी तिथेच होते. बाहेर दिवसभर झड लागलेली. रात्री अकराला माझ्या डोळ्यांदेखत रिलेने टक् केलं. हौद रिकामाच होता आणि बाबा शेजारच्या खोलीत झोपले होते.

स्टार्टर बंद करून डबा उघडला. हौदाच्या सळीची तार सोडवली आणि त्या पिनवर मल्टिमीटर लावला. तार सुटी असताना तिथे ५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दिसले २. हेअर ड्रायरची कोमट हवा दिली, तर आकडा हळूहळू ४च्या वर चढला. म्हणजे ओल होती. पण ओल नुसत्या बोर्डावर एवढी करामत करत नाही, तिला सोबत लागते. ती सोबत मीच दिली होती.

सोल्डर करताना तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघाला नाही, तर कथील-शिसं धरत नाही. तो थर काढतो तो फ्लक्स. आजीच्या भाषेत नवसागर. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि मगच कथील पसरायचं. कल्हई झाल्यावर भांडं धुतल्याशिवाय वापरायला घ्यायचं नाही, हे आजीला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. बी.ई. झालेल्या नातीने मात्र डबीतली पेस्ट सढळ हाताने लावली आणि पिवळट चिकटा तसाच ठेवला.

तसाच ठेवला असता, तर कदाचित कमी नुकसान झालं असतं. सोल्डरच्या तारेच्या पोटातला फ्लक्स बहुधा राळेचा असतो. थंड झाल्यावर ती राळ कडक होते आणि आतली आम्लं कोंडून ठेवते. 'नो-क्लीन' प्रकारही याच भरवशावर चालतो, पण तो पुरेसा तापलेला असावा लागतो. मी काय केलं, तर घरात उरलेलं सॅनिटायझर कापसावर घेऊन बोर्ड पुसला. राळ अर्धवट विरघळली आणि मोकळी झालेली आम्लं पातळ थराने दोन पिनांच्या मध्ये पसरली. वर सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते हवेतली ओल ओढतं. मे महिन्यात त्या थरातून वीज वाहत नव्हती, जुलैत वाहू लागली.

त्यात सळी गंजू नये म्हणून मी पिनला १ मेगाओमचा रेझिस्टर लावला होता. इतक्या नाजूक जागी ७०० किलोओमची गळतीही ५चे २ व्होल्ट करते. अडीचच्या खाली म्हणजे पाणी आहे, असं मीच कोडमध्ये लिहिलेलं. कोडने माझं ऐकलं.

या वेळी नीट धुतलं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कारण ७० टक्केवाल्यात उरलेलं पाणीच असतं. जुन्या टूथब्रशने घासलं आणि ओलं असतानाच धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून घेतलं. खरं काम या टिपण्यातच आहे. नुसतं घासून वाळू दिलं, तर घाण फक्त जागा बदलते आणि पांढुरका डाग राहतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ताजं अल्कोहोल घेतलं. रिले आणि बझरमध्ये ते जाऊ दिलं नाही. सोल्डरिंग आयर्न आधीच बंद करून लांब ठेवलं होतं, कारण हे पटकन पेट घेतं. मग एक मेगाओमच्या जागी १०० किलोओम बसवला. नळाच्या पाइपांना लावतात तो ॲसिडचा फ्लक्स तर बोर्डाजवळही आणू नका. आणि सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवा, राळेच्या धुराने दमा होऊ शकतो.

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते उठले आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घेऊन आले. जुलैपासून रोजच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं: 'बटण बंद, ९.४०', 'बटण बंद, १०.०५'. आपलंच डोकं तपासून बघत होते ते, महिनाभर.

"म्हणजे मी विसरत नव्हतो तर," बाबा म्हणाले, आणि चष्मा पुसत मला विचारलं, "त्या बोर्डाला आता किती दिवसांनी धुवायचं?"