टाक्यांचे मोल

नारायणगडाच्या परिसरातील वाड्यावस्त्यांवर दिवाळी सरली की घरे रिकामी होऊ लागतात. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे उरतात ती वृद्ध माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. अशा लांबलेल्या दुपारींना गोधडीची सोबत जुनीच आहे. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर एकसारखे धावणारे टाके. हात गुंततात आणि मनही स्थिरावते.

अलीकडे अशा गोधड्यांना गिऱ्हाईकही मिळू लागले आहे. मात्र ‘केवढ्याला देता?’ असे विचारताच आजी उत्तरतात, ‘द्या काय द्यायचं ते. बसल्या बसल्या तर केलंय.’ या एका वाक्यात कित्येक दिवसांचे श्रम शून्य होतात.

वास्तविक या पिढीला मजुरी नवी नाही. १९७२च्या दुष्काळात यांतील कित्येकींनी कामावर खडी फोडली आहे. मग तोच मापदंड गोधडीला का लावू नये? महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६साठी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला, तर तासाला ३९ रुपये. समजा, एका गोधडीला ६० तास लागले, तर मजुरी २,३४० रुपये होते. अस्तर, दोरा व इतर कापडाचे ४५० रुपये मिळवले की किंमत २,७९० रुपयांवर जाते. गिऱ्हाइकाने स्वतःच्या घरातील जुन्या साड्या आणून दिल्या, तर त्या कापडाचे पैसे वजा करावेत, मजुरी नव्हे. तास मोजण्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज एक आकडा लिहिला तरी पुरे.

एवढी किंमत प्रत्येक जण देईल असे नाही. अशा वेळी भाव पाडण्यापेक्षा काम लहान करावे. बाळाचे दुपटे किंवा बसायचे आसन थोड्या तासांत होते. आप्तांना द्यायचे असेल, तर मोकळ्या मनाने भेटच द्यावी. भेट ही भेट असावी आणि विक्री ही विक्री. दोहोंच्या मधला निम्मा भाव मनात सल ठेवून जातो.

आता शरीराचा हिशेब. मांडी घालून, वाकून तासन्‌तास बसल्याने कंबर, मान व गुडघे धरतात. गुडघेदुखी असल्यास खुर्चीवर बसून, गोधडी टेबलावर पसरून शिवावे. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. टाके दिवसाच्या उजेडातच घालावेत. जुने कपडे आधी धुऊन उन्हात वाळवावेत, म्हणजे धुळीने खोकला उठत नाही. मधुमेहींनी अंगुस्तान अवश्य वापरावे, कारण बोटांची संवेदना कमी झाली असेल तर सुई टोचलेली कळत नाही. शिवणे थांबवताना सुया मोजून डबीत ठेवाव्यात. घरात लहान मूल असेल तर हे विसरून चालणार नाही.

सांभाळ करणाऱ्यांसाठी दोन शब्द. सकाळी चार-पाच सुयांत दोरा ओवून ठेवणे, ही मोठी मदत आहे. परंतु ‘आठ दिवसांत आई गोधडी देईल’ असा शब्द तिला न विचारता कोणालाही देऊ नये. मुदतीच्या घाईत छंदाचे ओझे होते आणि दुखणे अंगावर काढले जाते. सवड किती, हे तिनेच सांगावे. आलेले पैसेही तिच्याच हाती, शक्यतो तिच्याच नावाच्या खात्यात जावेत. औषधाला किंवा नातवाच्या खाऊला कोणापुढे हात पसरावा लागू नये, याचे समाधान उतारवयात फार मोठे असते. ते टिकवायचे, तर पुढच्या वेळी भाव विचारला जाईल तेव्हा कॅलेंडरावरचे तास आधी मोजावेत आणि मगच आकडा सांगावा.