‘फॉरमॅट मारा’ : कोऱ्या पाटीच्या भ्रमाचा इतिहास

१/१६
संगणक मंदावला, अडखळला किंवा त्यात व्हायरस शिरल्याचा संशय आला की दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी एकच उपाय असतो : ‘फॉरमॅट मारा.’ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याच्या निमित्ताने या उपायाला नवे कारण मिळाले. पाटी पुसली की ती कोरी होते, हे त्यामागील गृहीतक. हार्ड डिस्कचा जवळजवळ सत्तर वर्षांचा इतिहास या गृहीतकाविरुद्ध साक्ष देतो. ती साक्ष या थ्रेडमध्ये.

२/१६
‘फॉरमॅट’ या शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात तीनदा पालटला. लोकसमज मात्र सतत एक पिढी मागे राहिला. फॉरमॅटने फारसे काही पुसले जात नव्हते, त्या काळात लोक सर्व काही पुसले गेले असे मानून निर्धास्त होते. आज ते खरोखरच पुसते, आणि आज लोकांना सांगितले जाते की ‘गेले तरी रिकव्हरीने परत मिळेल.’ पहिल्या गैरसमजाने अनेकांची गुपिते बाजारात आली. दुसऱ्या गैरसमजाने घराघरांतील दस्तऐवज नाहीसे होत आहेत.

३/१६
आरंभापासून पाहू जाता, १९५६ साली आयबीएमने ‘रॅमॅक’ या यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. १९८० मध्ये सीगेटची ‘एसटी-५०६’ आली : सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची. या जातीच्या डिस्का विकत आणल्या की थेट वापरता येत नसत. तबकडीवर वर्तुळाकार मार्ग आणि त्यांचे तुकडे, म्हणजेच ट्रॅक आणि सेक्टर, आधी आखावे लागत. सदोष जागांची यादी कारखान्यातूनच डिस्कवर चिकटवून येई.

४/१६
ही आखणी म्हणजे फॉरमॅटचा पहिला अर्थ. मोजणीदाराने साखळी टाकून शिवार मोजावे, बांध घालावेत आणि खडकाळ पट्टे नोंदवून वगळावेत, तसे हे काम होते. ते विनाशाचे नव्हते, पूर्वतयारीचे होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयडीई जातीच्या डिस्का आल्या आणि ही आखणी कारखान्यातच होऊ लागली. वापरणाऱ्याच्या हातून ते काम गेले. शब्द मात्र मागे उरला आणि दुसऱ्याच कामाला चिकटला.

५/१६
ते दुसरे काम मार्च १९८३ पासूनचे. आयबीएमचा ‘पीसी एक्सटी’ १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि डॉसची २.० ही आवृत्ती घेऊन आला. या डिस्कवर फॉरमॅटची आज्ञा दिली की सामान्यतः फक्त फाइलींची अनुक्रमणिका नव्याने कोरी लिहिली जाई आणि उरलेली डिस्क केवळ वाचून तपासली जाई. पेशवे दफ्तराचे उदाहरण घ्यावे : रुमालांत बांधलेले कागद जागच्या जागी ठेवायचे, फक्त कोणत्या रुमालात काय आहे याची यादी फाडायची आणि दफ्तर रिकामे झाल्याचे जाहीर करायचे.

६/१६
सातबारा कोरा झाला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. हे जाणणाऱ्यांनी त्यावर व्यवसाय उभारले. १९८२ मध्येच पीटर नॉर्टन यांनी काढून टाकलेल्या फाइली परत आणणारा प्रोग्रॅम विक्रीस आणला होता. १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मध्ये तर मायक्रोसॉफ्टनेच ‘अनफॉरमॅट’ ही उलटी आज्ञा दिली. जी क्रिया उलटवण्यासाठी कंपनी स्वतः साधन पुरवते, ती क्रिया संपूर्ण विनाशाची कशी असेल? हा साधा प्रश्न त्या काळी फार थोड्यांनी विचारला.

७/१६
तो न विचारण्याची किंमत २००३ मध्ये मोजून दाखवली गेली. एमआयटीतील सिम्सन गारफिंकल आणि अभि शेलात या संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्का विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या आणि व्यवस्थित पुसलेल्या केवळ १२. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक, वैद्यकीय नोंदी आणि खासगी पत्रव्यवहार सापडला. फॉरमॅट केलेल्या डिस्काही बोलक्या निघाल्या. विकणाऱ्यांनी यादी फाडली होती. रुमाल गिऱ्हाइकाच्या हाती गेले होते.

८/१६
यानंतर अर्थ तिसऱ्यांदा पालटला, तोही कोणताही गाजावाजा न होता. विंडोज एक्सपीतील पूर्ण फॉरमॅट डिस्क केवळ वाचून तपासत असे. २००७ साली सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तेच पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्ये लिहू लागले. खिडकी जवळपास तीच, पर्याय तेच, ‘क्विक’समोरची खूणही तीच. पण ती खूण काढणे ही पूर्वी तपासणी होती. आता ते रुमालच जाळणे झाले. जुन्या अनुभवावर विसंबलेल्या हातांना हा फरक दिसण्याचे कारण नव्हते.

९/१६
दुसरा घाव एसएसडीने घातला. २००९ च्या विंडोज ७ पासून ‘ट्रिम’ ही सूचना वापरात आली. फॉरमॅट होताच ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीला कळवते की या जागांतील मजकूर आता नको. मग एसएसडी आपल्या सवडीने त्या खरोखर रिकाम्या करते. त्यामुळे क्षणार्धात उरकणारे ‘क्विक फॉरमॅट’देखील बहुतेक वेळा परतीची वाट बंद करते. रिकव्हरीचे प्रोग्रॅम मागे उरलेले वाचतात. मागे काहीच उरले नसेल तर त्यांनी वाचायचे काय?

१०/१६
एवढे करूनही ‘नवी सुरुवात’ नवी नसते, हा या कथेतील उपरोध. मुख्य डिस्कला आजही ‘सी’ हेच अक्षर मिळते, कारण ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपींसाठी राखून ठेवलेले होते. पहिल्या ५१२ बाइटांत विभागणीचा तक्ता ठेवण्याची रीत १९८३ ची. आजच्या जीपीटी पद्धतीतही त्या जागी जुन्या धाटणीचा एक तक्ता लिहिला जातो. जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजून तिच्यावर लिहू नये, एवढ्यासाठी. नव्या कारकिर्दीच्या पहिल्याच पानावर जुन्या कारकिर्दीचा शिक्का असतो.

११/१६
विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात सिस्टीम खरोखरच कचऱ्याने भरत असे आणि नव्याने बसवल्यावर संगणक हलका होई. ज्या यंत्रात घुसखोर कुठवर पोहोचला हे कळत नाही, ते पुसून नव्याने उभारणे आजही शहाणपणाचे आहे. पण त्यालाही मर्यादा आहेत. २६ एप्रिल १९९९ रोजी सक्रिय झालेल्या सीआयएच व्हायरसने अनेक संगणकांच्या बायोसची चिपच निकामी केली. डिस्क शंभरदा फॉरमॅट केली तरी ती चिप सुधारणार नव्हती.

१२/१६
अपवादाला नियम करणे हा खरा दोष आहे. मंदपणाचे कारण अपुरी रॅम असेल, पंख्यात साचलेली धूळ असेल किंवा डिस्कच मरणपंथाला लागलेली असेल. यांपैकी कशावरही फॉरमॅट हा उपाय नाही. मरणाऱ्या डिस्कवर तर तो अखेरचा घाव ठरू शकतो. शिवाय नवी विंडोज बसवताना जुना विभाग फॉरमॅट केलाच पाहिजे, असेही नाही. तसेच पुढे गेल्यास जुनी सिस्टीम आणि वापरणाऱ्याच्या फाइली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात काही दिवस राखल्या जातात. निदान टाळून थेट फॉरमॅट करण्यात सोय होते ती दुरुस्ती करणाऱ्याची. नुकसान सोसतो तो मालक.

१३/१६
या नुकसानाचे माप इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक नेमके कळावे. १२२९ साली एका चर्मपत्रावरील आर्किमिडीजचे ग्रंथ खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. तरी १९०६ मध्ये हायबर्ग या विद्वानाने खालचा मजकूर ओळखला आणि पुढे आधुनिक छायाचित्रणाने तो आणखी उलगडला. याउलट १९६९ च्या अपोलो ११ मोहिमेतील चांद्रदृश्यांचे मूळ संदेश ज्या चुंबकीय फितींवर होते, त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाच्या शोधातून २००९ मध्ये निघाला. सातशे वर्षांचा खरवडा वाचता आला. चाळीस वर्षांपूर्वीचे मूळ चित्रण हाती लागले नाही.

१४/१६
मराठी वाचकाला यासाठी फार दूर जायला नको. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक कागद जुन्या घराण्यांच्या संग्रहांत निव्वळ पडून राहिल्यामुळे टिकले होते. कसर, वाळवी आणि ओल यांच्या तावडीतूनही कागद काही ना काही मागे ठेवतो. हार्ड डिस्कला असे माळ्यावर विसरून चालत नाही. आजची साधने तिच्यावर आहेत : मोडी कागदांची छायाचित्रे, आजीच्या आवाजातील ओव्या, वाटणीपत्रांच्या प्रती, गावच्या उत्सवाचे जमाखर्च.

१५/१६
मराठीपुरता एक धोका तर सहसा कोणी सांगतही नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीचा बराच मराठी मजकूर सी-डॅकच्या आयएसएम, श्री-लिपी, आकृती अशा प्रणालींच्या फॉन्टांत टंकलेला आहे. फाइल घरमालकाच्या फोल्डरात असते. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात. ‘तुमच्या फाइली काढून ठेवल्या’ असे सांगून डिस्क फॉरमॅट होते, फाइल जशीच्या तशी राहते, पण उघडल्यावर तिच्यात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गलबला दिसतो. योग्य रूपांतरक हाती लागेपर्यंत ती संहिता मुकी होते. वडिलांनी टंकलेले आत्मचरित्र अशा रीतीने स्वतःच्याच घरात परके होऊ शकते.

१६/१६
म्हणून क्रम उलटा हवा. आधी निदान. मग संपूर्ण डिस्कची प्रत, फॉन्टांसह, दुसऱ्या डिस्कवर. मग ती प्रत उघडून, वाचून केलेली खातरजमा. शक्य असेल तर नवी सिस्टीम नव्या डिस्कवर आणि जुनी डिस्क नाव-तारीख लिहून कपाटात. डिस्क विकायचीच असेल तर मात्र दया नको : एकदा पूर्ण पुनर्लेखन, एसएसडी असल्यास तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा. काय ठेवावे आणि काय टाकावे हा दफ्तरदाराचा निर्णय आहे, आणि दफ्तर न उघडता तो घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. राजवाड्यांच्या पिढीने वाण्याच्या पुड्यांना जाणारे कागद अडवले. या पिढीला एक बटण दाबण्यापूर्वी थांबायचे आहे.
(समाप्त)