वेठबिगारी चौदा दिवसांत थांबवा

आयुक्त महोदय,

हे आमचे शेवटचे पत्र आहे.

आम्ही या शहराच्या घंटागाड्यांवरचे, कचरा डेपोवरचे आणि वर्गीकरण शेडमधले कंत्राटी कामगार आहोत. आमची युनियन आहे. सभासदांची यादी आपल्या घनकचरा विभागाकडे आहे.

निवेदन दिले, पोच मिळाली. पुन्हा दिले, बैठक ठरली आणि पुढे ढकलली गेली. शेवटी उत्तर आले की हा विषय कंत्राटदाराचा आहे.

हा विषय आपला आहे.

कचरा उचलणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चे कलम 63 वाचावे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती भरायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. नव्या श्रमसंहितेतही आहे.

डेपोवर काय चालते ते आता लेखी घ्या. आपण तिथे आला नाहीत.

पगार कामगाराच्या खात्यात जमा होतो. किमान वेतन पूर्ण, पीएफ कापलेला. कागद चोख आहे.

एटीएम कार्ड मात्र मुकादमाच्या पिशवीत असते. रबर लावलेला गठ्ठा. प्रत्येक कार्डाला पांढरी पट्टी, पट्टीवर पेनाने लिहिलेला पिन. पगार झाला की मुकादम एटीएमवर जातो. कामगाराच्या हातात तो देईल तेवढे पडते.

उरलेले वहीत जाते. ती वही आम्ही पाहिली आहे. वर नाव, नावाखाली उचल. मग खोलीभाडे. गमबूट. हातमोजे. गाडीचा आरसा फुटला, त्याचे पैसे. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी वजा. उचल गावाकडे घेतलेली असते, कुणी दवाखान्यासाठी, कुणी मुलीच्या लग्नासाठी. ती फिटत नाही. फिटू नये अशाच बेताने वही लिहिली जाते.

गमबूट आणि हातमोजे फुकट द्यायचे, ही आपल्याच निविदेतली अट आहे. त्याचे पैसे आपण कंत्राटदाराच्या बिलात देता. तेच पैसे तो कामगाराकडून दुसऱ्यांदा घेतो.

काम सोडतो म्हणणाऱ्याचे आधार कार्ड मिळत नाही. गावी त्याच्या भावाच्या दारात माणसे जाऊन उभी राहतात.

शेडमधली स्थिती याहून वाईट आहे. ते काम पोटकंत्राटदाराकडे आहे. बायका किलोवर राबतात. हजेरीपुस्तक नाही, त्यामुळे आपल्या दप्तरी त्या कुठेच नाहीत. सुया, सलाइनच्या नळ्या, फुटक्या बाटल्या त्या उघड्या हातांनी निवडतात. शेजारी त्यांची मुले बसतात, आणि तीही निवडतात.

निवडलेले प्लास्टिक भंगाराच्या गोदामात जाते. तिथे रात्री माणसे आत असतात आणि कुलूप बाहेरून असते. आग लागली तर काय, हे आम्ही विभागाला लेखी विचारले होते. उत्तर नाही.

ही वेठबिगारी आहे. राज्यघटनेच्या कलम 23 ने तिला मनाई आहे.

1982 साली एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे ही सक्तीची मजुरीच होय. भुकेपोटी पत्करलेले कामही त्यात आले. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी उचल रद्द होते. वसूल करता येत नाही. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कामगार वेठबिगार नाही, हे सिद्ध करण्याचा भार उचल देणाऱ्यावर आहे.

हे आपले कामगार नाहीत, असे मुंबई महापालिकाही म्हणत होती. कचरा वाहतूक श्रमिक संघ लढत राहिला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयात 2,700 कामगार जिंकले.

आम्ही खूप थांबलो. 2020 च्या टाळेबंदीत शहर घरात होते, आम्ही गाडीवर होतो. तेव्हाही पगार थकला होता. संसर्ग झालेल्या घरांचा कचरा आम्ही उचलला. प्रत्येक गणपतीनंतर घाट आम्ही साफ केले. एकही गाडी थांबली नाही, कारण त्रास लोकांना झाला असता.

तो संयम संपला आहे.

चौदा दिवस देत आहोत. संपाची कायदेशीर नोटीस सोबत जोडली आहे.

या मुदतीत प्रत्येक एटीएम कार्ड, पासबुक आणि आधार कार्ड ज्याचे त्याच्या हाती पडले पाहिजे, आपल्या अधिकाऱ्यासमोर, सही घेऊन. नवा पिन कामगार स्वतः टाकेल. सर्व उचल शून्य झाली पाहिजे. गोदामांची कुलुपे त्याच्या आधी निघाली पाहिजेत, आजच.

पोटकंत्राटदार, मजूर पुरवणारे मुकादम, शेड, भंगाराची गोदामे, सगळ्यांकडच्या प्रत्येक माणसाची नोंद आपल्या दप्तरी हवी. वेतनचिठ्ठी कामगाराच्या हातात पडल्याखेरीज कंत्राटदाराचे बिल निघता कामा नये. बिलावर शेवटची सही आपली असते. ती रोखणे आपल्याला आजही शक्य आहे.

हे झाले नाही, तर पंधराव्या दिवशी पहाटे घंटागाड्या डेपोतून निघणार नाहीत. त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे 1976 च्या कायद्याखाली तक्रारी दाखल होतील. प्रत्येक कामगाराची वेगळी तक्रार. जबाब घेऊन झाले आहेत. वहीच्या पानांच्या प्रती आमच्याकडे आहेत. उच्च न्यायालयातली याचिका तयार आहे. तिच्यात पहिला प्रतिवादी कंत्राटदार नाही. आपण आहात.

जबाब देणाऱ्या एकाही कामगाराला कामावरून काढले, किंवा त्याच्या गावी कुणी गेले, तर चौदा दिवसही थांबणार नाही. त्याच तासाला न्यायालयात जाऊ.

शहरातील नागरिकांना याची प्रत देत आहोत. कचरा कोणामुळे साचला, हे त्यांना आधीच कळलेले बरे.

उत्तर लेखी हवे, आपल्या सहीचे हवे. बैठकीचे निमंत्रण उत्तर म्हणून धरले जाणार नाही.