साता विचारायला जाताना



आज धनतेरस. तुमच्याकडे चकल्या तळून होत आल्या असतील. माझ्याकडे यंदा फराळ बेताचाच आहे. आयंबिल ओळीच्या सुरुवातीला माझ्या धाकट्या जावेचं मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, त्याला आता वीस दिवस होतील. गाठीचं नाव मेनिन्जिओमा. ती मेंदूच्या आवरणातून वाढते, बहुतेक वेळा कर्करोगाची नसते आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळते. हिचा रिपोर्टही चांगला आला. मोठी काळजी मिटली. मला लिहायचंय ते त्यानंतरचं, म्हणजे साता विचारायला येणाऱ्या आपल्याविषयी.

दवाखान्यातून सोडलं की माणूस बरा झाला, असं आपण धरून चालतो. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. हिच्या डोक्यावर पदर असतो, टाके दिसत नाहीत, वर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा भरलेला. त्यामुळे येणारी प्रत्येक जण म्हणते, "छान दिसतेस की, लाग आता दिवाळीच्या कामाला." ती हसते. पाहुणे गेले की भिंत धरत आत जाते आणि तीन तास झोपते. परवा झारा हवा होता तर तिला शब्दच सापडेना, "ते भोकाभोकांचं द्या हो भाभी" म्हणाली. दोघी एकदम बोलल्या तर तिला काहीच कळत नाही. नुसतं ऐकणं हेही मेंदूला काम आहे, हे मला आत्ता समजतंय. हा थकवा आठवडे, कधी कधी महिने राहतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. (ऑपरेशनसाठी काही केस काढावे लागले. "माझा अर्धाच लोच झाला," असं ती स्वतः म्हणते. तिनं म्हटलेलं चालतं, आपण म्हणू नये.)

एका आजींनी पलंगाशेजारी बसून असातावेदनीय कर्माचा उदय समजावून सांगितला. व्याख्यानात तेच मी हात जोडून ऐकते. पण कर्मसिद्धान्त स्वतःकडे बघण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या उशाशी बसून सांगितला की तो आरोप होतो. ती रात्रभर मागचे हिशेब काढत बसली, आपण कुणाचं काय वाईट केलं म्हणून. अहो, वैयावच्च म्हणजे आजाऱ्याची सेवा, ही आपल्याकडे आभ्यंतर तपात मोजली आहे. तेवढं तप करा की.

आता चौविहार. फिट येऊ नये म्हणून तिला बारा-बारा तासांनी गोळी आहे. या दिवसांत आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवस साडेअकरा तासांचा. त्यातून नवकारसीची ४८ मिनिटं वजा केली तर पावणेअकरा तासही उरत नाहीत. बी.कॉम.चं शिक्षण इतकं सांगायला पुरेसं आहे, की दोन्ही गोळ्या दिवसात बसत नाहीत. म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठ. पच्चक्खाणात सर्वसमाधीचा आगार आहे तो अशाच वेळेसाठी, आणि महासतीजींनीही तिला तेच सांगितलं.

तरी दोघी जणी येऊन म्हणाल्याच, "इतकी वर्षं पाळलंस, आता एका गोळीसाठी कशाला मोडतेस?" त्या रात्री तिनं गोळी तोंडात घातल्यासारखं केलं आणि उशीखाली ठेवली. अंथरूण झटकताना पुतणीला दिसली, लगेच घ्यायला लावली. अशी गोळी चुकली आणि फिट आली, तर त्या दोघी दवाखान्यात येणार होत्या का? मला हे कडक लिहावं लागतंय, पण लिहिते. बाईनं वर्षानुवर्षं पाळलेलं व्रत तिच्या जिवावर उठेल असं बोलण्याचा हक्क कुणालाच नाही, मग बोलणारी कितीही तपस्वी असो.

निर्वाणाचा बेला ती दरवर्षी करते. यंदा नाही. तिला त्याचं वाईट वाटतंय, ते वाटू द्यावं. "एकासन तरी कर" असं कुणी सुचवू नका. उत्तराध्ययनाची ३६ अध्ययनं ती पलंगावरूनच ऐकतेय, रोज थोडी. अक्षरं डोळ्यांपुढे हलतात, म्हणून मी वाचते.

मदत करायची असेल तर दुपारचा डबा पाठवा, पण तो घेऊन वर येऊ नका. मुलांना दोन तास तुमच्याकडे न्या. चौकशीचा फोन माझ्या दिरांना करा. फटाके आपण जीवदयेपायी वाजवत नाही, पण शेजारची मुलं वाजवतात. त्यांना मी चकलीचा डबा घेऊन भेटले आणि खरं ते सांगितलं. यंदा ती मैदानावर जाणार आहेत. मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

राहिली भाऊबीज. महावीरांच्या निर्वाणानंतर शोकात बुडालेल्या नंदिवर्धनांना बहीण सुदर्शनेनं घरी बोलावून जेवू घातलं, ती आपली भाऊबीज. त्या कथेत पन्नास पाहुणे नाहीत. हिच्या भावाला मी सांगितलंय, सकाळी दहाला एकट्यानं ये. ती पलंगावर बसूनच ओवाळेल, ताट मी धरीन. तुझी बायको-मुलं खाली माझ्याकडे जेवतील, आणि अर्ध्या तासानं तूही खाली ये.