शौलाची गाढवे आणि मालवणचा कौल

१/ "इस्राएलचे संदेष्टे म्हणजे नीतीचे प्रवक्ते, कोकणातला कौल आणि अवसर म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा." ही विभागणी हल्ली सिद्धान्तासारखी उच्चारली जाते. उच्चारणाऱ्यांनी जुना करार नीट उघडलेला नसतो, हीच अडचण आहे.

२/ शमुवेलाचे पहिले पुस्तक, अध्याय ९. शौलाच्या बापाची गाढवे हरवतात. चाकर सुचवतो, या नगरात देवाचा माणूस आहे, त्याला विचारू. रिकाम्या हाती कसे जायचे? चाकराजवळ पाव शेकेल चांदी निघते. संदेष्ट्याला पूर्वी द्रष्टा म्हणत, हा खुलासाही याच प्रसंगात येतो. मालवण तालुक्यातील कोणत्याही वाडीतल्या म्हाताऱ्याला ही कथा परकी वाटणार नाही.

३/ कौल लावताना पाकळी किंवा कळी पाण्याने देवाच्या पाषाणाला चिकटवतात. ती कोणत्या बाजूने पडते त्यावर होकार-नकार ठरतो. म्हणून प्रश्नही तसाच घालावा लागतो. दावीद याजकाकडून एफोद मागवतो तेव्हा त्याचे प्रश्न याच घडणीचे असतात: शौल येईल काय? कईलाचे लोक मला त्याच्या हाती देतील काय? पुढे शौलाला देव उत्तर देईनासा होतो, तेव्हा ग्रंथ स्वप्ने, उरीम आणि संदेष्टे हे तिन्ही मार्ग एका दमात मोजतो. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीच्या यात्रेचा दिवस आजही पंचांगातील तिथीवरून नव्हे, कौलाने ठरतो.

४/ मग नाथान? एलीया? राजाला तोंडावर अपराधी म्हणणारे ते होतेच. परंतु अहाबाच्या दरबारात सुमारे ४०० संदेष्टे युद्धाला होकार देत होते आणि विरोध करणारा मीखाया एकटा तुरुंगात गेला. ते ४०० देखील संदेष्टेच. आमोसाने तर बेथेलात ही उपाधीच नाकारली. आपण गुराखी आहोत, असे सांगितले. दुसऱ्यांचे अपवाद आणि आपला रोजचा व्यवहार समोरासमोर ठेवणे याला तुलना म्हणत नाहीत.

५/ शिवाय हा प्रकार एकट्या इस्राएलचा नव्हता. सीरियातील मारी येथील इ.स.पू. १८व्या शतकातील पत्रांत राजाला कळवलेले देवांचे निरोप आहेत. जॉर्डनमधील देर अल्ला येथे १९६७ मध्ये सापडलेल्या लेखात बलाम हा द्रष्टा येतो, आणि तो अनेक देवांचा.

६/ खरा भेद लेखणीचा आहे. आमोसाचे शब्द कोणीतरी लिहून जपले. अवसराचे शब्द सभामंडपातच विरतात. घाड्याचे गाऱ्हाणे तोंडी चालत येते. गावऱ्हाटीत मानकऱ्यांच्या इच्छेविरुद्ध गेलेले कौल किती होते आणि ते पाळले गेले का, हा शोध त्या गावांत बसून घ्यावा लागेल. शिक्का मारायला मात्र गावात जावे लागत नाही.